आकडा ९५ असतानाची धाप

पत्र

ताई, नमस्कार.

माझं वय ३४, कराडला राहते. मिस्टर कंपनीत नोकरीला, मुलगी चौथीत. मी घरीच ब्लाउज शिवते. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले आणि सासूबाईंना पाटण तालुक्यातल्या गावाहून आम्ही इकडे आणलं. मी त्यांना आत्या म्हणते. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. आत्यांचं वय ६४. त्यांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासाच्या नळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार. आयुष्यात कधी विडी-सिगारेटला हात लावलेला नाही.

या वर्षभरात त्या पार बदलल्या. दिवसातून वीस वेळा बोटाला ऑक्सिमीटर लावतात. रात्री दोन-अडीचला उठून बसतात, खिडकी उघडायला लावतात, माझा हात घट्ट धरतात आणि म्हणतात, ‘जीव चालला गं माझा.’ मशीन बघावं तर ऑक्सिजन ९५, म्हणजे ठीकच. थोड्या वेळानं आपोआप शांत होतात. मागच्या महिन्यात रात्री दोनदा रिक्षा करून दवाखान्यात नेलं. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, घाबरल्यात, बाकी ठीक आहे. फुंकायची टेस्टही मागच्या वर्षाइतकीच आली.

पंप चारचौघांत घेत नाहीत, मोरीत जाऊन घेतात. कुठं बाहेर येत नाहीत. नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता, त्यालाही ‘मला नका नेऊ’ म्हणाल्या. घरात मी त्यांना इकडची काडी तिकडे करू देत नाही, तरी तोंड पाडून बसतात. मिस्टर म्हणतात, तिला सवय लागलीय, तू लक्ष देऊ नकोस.

ताई, खरं तेच लिहिते. पंधरा दिवसांपूर्वी रात्री माझ्या तोंडून गेलं, ‘आत्या, तुम्हाला काही झालेलं नाही, मशीन बघा, सगळं नाटक आहे.’ त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्या मला उठवतच नाहीत. अंधारात एकट्या बसलेल्या असतात. त्यांच्या श्वासाचा आवाज मला आतल्या खोलीत ऐकू येतो. मी जागी असते, पण उठून जायचं धाडस होत नाही. लाज वाटते. त्या खरंच नाटक करतात का? की माझं चुकलं? मला तू म्हटलं तरी चालेल.

– एक सून, कराड


उत्तर

अगं, नाटक नाही ते. आणि तू वाईटही नाहीस. वर्षभर रात्री दोनला उठणाऱ्या, सकाळी सहाला डबा करणाऱ्या आणि दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईच्या तोंडून एका रात्री एक वाक्य निसटलं. ते आत्यांच्या जिव्हारी लागलं, हेही खरंच आहे. पण आधी आत्यांच्या छातीत काय चालतं ते तुला कळायला हवं, कारण ते कळलं की पुढचं बरंच तुझं तुलाच सुचेल.

हे वाचता वाचता एक करून बघ. तुझी छाती धडधाकट आहे असं धरून सांगते. छातीभर श्वास घे. आता त्यातला थोडासाच सोड आणि लगेच वर आणखी घे. पुन्हा थोडाच सोड, पुन्हा घे. चार वेळा कर, जास्त नको. छाती फुगून ताठ होते, आत जागाच उरत नाही आणि कुठूनतरी भीतीची लहर येते. या क्षणी तुझ्या बोटाला ते मशीन लावलं तर ते ९७-९८ दाखवेल.

आत्यांचं हेच होतं. सीओपीडीत श्वासाच्या नळ्या अरुंद झालेल्या असतात. हवा आत जाते, पण बाहेर पडायला तिला वेळ लागतो. माणूस घाबरला की श्वास भराभर चालतो, आधीची हवा बाहेर पडायच्या आत पुढची आत येते आणि फुप्फुसं फुगलेलीच राहतात. भरलेल्या हंड्यात पाणी ओतण्यासारखं आहे ते. आत्या ‘हवा पाहिजे, खिडकी उघड’ म्हणतात, आणि खरं तर अडकलेली असते आतली हवा. जीव गुदमरला की भीती वाढते, भीतीनं श्वास आणखी भराभर होतो. धाप भीतीला पोसते आणि भीती धापेला.

ते मशीन फक्त रक्तात ऑक्सिजन किती आहे तेवढं सांगतं. तो तिथवर पोचवायला छातीला किती ओढाताण करावी लागतेय, हे मोजायचं यंत्र नाही. म्हणून ९५ असतानाही धाप खरी असू शकते. कोविडनंतर घरोघरी हे यंत्र आलं आणि त्यानं पुष्कळांचे जीव वाचवले, ते मी नाकारत नाही. पण आत्यांच्या बाबतीत एकतर ते त्यांना घाबरवतं, नाहीतर त्यांना खोटं पाडतं. दिवसातून किती वेळा बघायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि बाकी वेळ यंत्र कपाटात ठेव.

आता तुझ्या त्या टेस्टबद्दल. फुंकायची टेस्ट नळ्या किती अरुंद आहेत ते सांगते, आणि आजार ओळखायला ती हवीच. पण माणूस कसा जगतोय हे त्या आकड्यावरून फारसं कळत नाही. एकच आकडा असलेले दोन पेशंट बघ, एक बाजारहाट करून येतो आणि दुसरा अंघोळीलाही घाबरतो. हे छातीच्या डॉक्टरांनाही ठाऊक आहे. म्हणूनच ‘कॅट’ नावाची आठ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरीज ४० पर्यंत. त्यात खोकला, कफ, जिना यांच्याबरोबर असंही विचारलेलं आहे की घराबाहेर पडायचा धीर होतो का, आणि रात्री शांत झोप लागते का. पुढच्या वेळी डॉक्टरांना सांग की हे प्रश्न आत्यांना विचारा, आणि उत्तर आत्यांनाच देऊ द्या, आम्ही मध्ये बोलणार नाही. टेस्ट गेल्या वर्षाइतकीच आली असेल, पण आत्यांचा खरा रिपोर्ट त्या साखरपुड्याच्या नकारात आहे.

या आजाराच्या साधारण चारातल्या एकाला नैराश्य येतं, असं अभ्यासांत दिसलंय. चिंतेनं, भीतीनं घेरलेलेही तितकेच सापडतात. तेव्हा ‘घाबरल्यात’ म्हणणारे डॉक्टर चूक नव्हते, त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं एवढंच. घाबरल्यात, आणि त्या घाबरण्यावर उपचार आहे, हा पुढचा अर्धा भाग तुला कुणी सांगितला नाही. माझ्या आईला दम्याचा असाच त्रास होता. एका दवाखान्यात तिच्यासमोरच मला सांगण्यात आलं की हे मनाचे खेळ आहेत. आई त्यानंतर धाप लागली तरी सांगेनाशी झाली. तुझं पत्र वाचताना मला सारखी तीच आठवत होती, म्हणून हे जरा लांबतंय.

आत्यांना आणखी एक गोष्ट आतून खात असेल. मी विडी ओढली नाही, सिगारेट नाही, मग मलाच का? गावाकडच्या बायका याचं उत्तर नशिबात किंवा मागच्या जन्मात शोधतात. त्यांना खरं उत्तर दे. ते चुलीत आहे. पाटणकडचा पाऊस तुला मी काय सांगायचा. चार महिने ओली लाकडं, शेणी, कोंदट स्वयंपाकघर, डोळे चोळत फुंकणी फुंकायची. लहानपणापासून तो धूर आत जातो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं आणि चुलीच्या धुराकडे जगाचं लक्ष वेधलं. २०१६ मध्ये भारतात या आजाराचे साडेपाच कोटींच्या आसपास लोक होते, असा अंदाज आहे. त्यात चुलीपुढे आयुष्य गेलेल्या कितीतरी आत्या आहेत. उज्ज्वलाचा सिलिंडरही २०१६ चाच, आणि तोवर आत्यांची पन्नाशी उलटून गेली होती. ‘आत्या, तुम्ही घराला जेवू घातलंत, त्या धुरानं हे झालंय, तुमचं काही चुकलेलं नाही,’ हे तुझ्या तोंडून त्यांना ऐकू दे. जमलं तर तुझ्या मिस्टरांच्या तोंडून. त्यांच्याच भाकऱ्या होत्या त्या.

ओघात एक विचारते, राग मानू नकोस. आत्या मशेरी लावतात का? लावत असतील तर तव्यावर ती भाजताना होणारा धूर त्यांच्या छातीला आजही लागतोय. उदबत्ती आणि डासांची कॉइल यांचंही तेच. फोडणीच्या ठसक्याच्या वेळी त्यांना गॅलरीत बसव.

आता साखरपुड्याकडे वळते. तू लिहिलंस की त्या कुठंच येत नाहीत. मला वाटतं याला तीन कारणं असावीत आणि त्यांनी तुला एकही सांगितलेलं नाही. जिना हे पहिलं. दुसरं पंप. चारचौघांत पंप काढला की ‘दमेकरी’ म्हणून लोक बघतात, आणि पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा इलाज, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. यातलं काहीही खरं नाही. पंपातून औषध थेट छातीत आणि अगदी थोडं जातं. फक्त एक जाणून घे, धाप लागल्यावर लगेच घ्यायच्या पंपानं थोडा वेळ हात थरथरतात, छातीत धडधडतं. आत्यांना ती धडधडसुद्धा ‘जीव चालला’ अशी वाटत असेल. आणि मोरीत लपून घाईघाईनं मारलेला पंप बराचसा घशातच राहतो. स्पेसर, म्हणजे ती प्लास्टिकची नळकांडी, लावून घ्यायचा असतो का आणि कसा, ते डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवायला सांग.

तिसरं कारण मी दबक्या आवाजात सांगते, कारण बायका ते आईलाही सांगत नाहीत. सतत खोकणाऱ्या, बाळंतपणं झालेल्या बाईला खोकल्याच्या उबळीबरोबर लघवीचे दोन-चार थेंब जातात. लुगडं ओलं होईल, वास येईल, या धसक्यानं कितीतरी जणींनी लग्नकार्यं सोडलीत. आत्यांचं हेच असेल असं मी म्हणत नाही, पण तू एकदा विचार. समोर बसून विचारू नकोस. त्यांच्या केसांना तेल लावताना मागून विचार, तोंडं समोरासमोर नसली की बाई बोलते. असेलच तर ओटीपोटाच्या तळाच्या, लघवी रोखणाऱ्या स्नायूंचे व्यायाम असतात, ते डॉक्टरीणबाई शिकवतात. बाहेर जाताना घ्यायचे पॅड असतात. खोकला आटोक्यात आला की तेही कमी होतं.

आणि आता जरा तुझ्यावर येते. तू आत्यांना इकडची काडी तिकडे करू देत नाहीस, ते मायेनंच, माझी शंका नाही. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं घर चालवलेल्या बाईला तू पलंगावर पाहुणी करून बसवलंस. नवरा गेला, गाव सुटलं, अंगण गेलं, आता हातातली भाजीही गेली. दिवसभर मग त्या काय करणार? स्वतःचा श्वास मोजणार. शिवाय बसून राहिलं की पायांतली ताकद जाते, आणि दुबळ्या पायांना तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो. मोरीपर्यंत जायला धाप लागली की त्या आणखी बसणार. डॉक्टरांची टेस्ट तीच राहते आणि माणूस खचत जातो, तो असा.

म्हणून काम दे, आणि खरं काम दे. मेथी निवडायला दे, लसूण सोलायला दे, शेंगा फोडायला दे. तुझ्या ब्लाउजना हुक लावायला दे आणि त्याचे पैसे त्यांच्या हातात ठेव. नातीचे पाढे त्यांच्याकडून पाठ करून घे. सगळं बसून, हात टेकायला काहीतरी ठेवून. अंघोळीला मोरीत प्लास्टिकचं स्टूल ठेव. कामाला वेळ लागेल, तो लागू दे.

रात्रीचं नीट वाचून घे. त्या उठून बसल्या की तू जा. दिवा लाव, पण सगळं घर उठवू नकोस. त्यांना पुढे झुकून बसव, समोर स्टुलावर दोन उश्या ठेव आणि कोपरं त्यावर टेकव. त्यानं छातीचे स्नायू मोकळे होतात. मग नाकानं हळू श्वास, मनात एक-दोन. आणि तोंडाचा चंबू करून सोडायचा, बशीतल्या गरम चहावर फुंकर घालतो तसा, एक-दोन-तीन-चार. घेण्याच्या दुप्पट वेळ सोडायला. जोर लावायचा नाही. अशा फुंकरीनं अडकलेली हवा बाहेर पडायला वाट मिळते. ‘शांत व्हा, घाबरू नका’ म्हणू नकोस, त्यानं कुणी शांत होत नाही. तूच त्यांच्यासमोर बसून तशी फुंकर घालत राहा, त्या तुझं बघून करतील.

आणि बॅटरीवरचा हातात धरायचा छोटा पंखा आण. तो चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, नाकावर आणि गालांवर वारं येईल असा धरायचा. चेहऱ्याला गार वारं लागलं की धापेची जाणीव उतरते, हे अभ्यासांतही दिसलेलं आहे. आत्या खिडकी उघडायला सांगतात ते उगाच नव्हे. पंखा त्यांच्या उशीखाली ठेव, म्हणजे तुला उठवल्याशिवायही त्यांच्या हातात काहीतरी असेल. हे सगळं आधी दुपारी, दम नसताना, आठवडाभर रोज करून घ्या. रात्री दोनला नवीन काही शिकता येत नाही.

ही सगळी रात्रीची भीतीची धाप झाली. पण ओठ-नखं निळसर दिसली, एक वाक्यही सलग बोलता येईना, माणूस गुंगीत जायला लागला किंवा बरळायला लागला, छातीत दुखू लागलं, आकडा नेहमीपेक्षा खाली आला, किंवा पंप घेऊनही उतार पडेना, तर फुंकरीत वेळ घालवू नकोस, लगेच १०८ ला फोन लाव. कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला, पाय सुजले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. शंका आली तर रिक्षा कर. तिसऱ्यांदाही ‘ठीक आहे’ म्हणाले तर म्हणू देत.

डॉक्टरांकडे तीन गोष्टी माग. एक म्हणजे पल्मनरी रिहॅबिलिटेशन. नाव मोठं आहे, काम साधं. सहा ते आठ आठवडे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालणं, हातापायांचे व्यायाम, श्वासाचं तंत्र. या आजारात धाप, भीती आणि उदासी या तिघींवर एकदम चालणारं याच्याइतकं चांगलं औषध मला माहीत नाही, आणि कुणी आपणहून लिहून देत नाही, मागावंच लागतं. मोठ्या रुग्णालयांत विचार. नसेल तर फिजिओथेरपिस्टकडून घरी करायचे व्यायाम लिहून आण. दुसरी, भीतीसाठी आणि उदासीसाठी उपचार. समुपदेशन, आणि लागलं तर गोळी, छातीच्या डॉक्टरांना माहीत असताना. मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देऊ नकोस, यात मी अजिबात सूट देणार नाही. काही झोपेच्या गोळ्या अशा छातीचा श्वासच मंदावतात. तिसरी, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी झाल्यात का ते विचार. बोलायला कुणी हवं असेल, आत्यांना किंवा तुला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.

‘किंवा तुला’ हे मी मुद्दाम लिहिलंय. तुझ्या पत्रात तुझ्या झोपेबद्दल एक ओळ नाही. आई त्यांची आहे, मग रात्र एकट्या तुझीच का? आठवड्यातल्या तीन रात्री मिस्टरांनी आईच्या खोलीत झोपायचं, नोकरी असली तरी. एकदा तो हात त्यांनी स्वतः धरला की ‘सवय लागलीय’ हे वाक्य घरातून जाईल. हे पत्र त्यांना वाचायला दे.

जिन्यासाठी मधल्या वळणावर एक स्टूल ठेवता येईल का बघ, शेजाऱ्यांना सांगून. दोन पायऱ्या फुंकर घालत चढायच्या, थांबायचं, मग दोन. उभं राहून बोलायचं नाही. पहिल्या दिवशी फक्त त्या स्टुलापर्यंत खाली जाऊन वर यायचं. मी कराडला आले होते तेव्हा संध्याकाळी प्रीतिसंगमाच्या घाटावर आत्यांच्या वयाच्या बायका ओळीनं बसलेल्या पाहिल्या होत्या. तिथं नुसतं बसायला काही चढावं लागत नाही. आत्यांना तिथं जायचंय की गावाकडे की नातीच्या शाळेच्या गॅदरिंगला, ते मी ठरवणार नाही आणि तूही ठरवू नकोस. त्यांना विचार, ‘आत्या, दम कमी झाला तर पहिलं कुठं जायचं?’ जे म्हणतील ते डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला सांग, आणि व्यायाम तिथवर पोचण्यासाठी आखून घे.

राहिली ती पंधरा दिवसांपूर्वीची रात्र. माफी मागायला मुहूर्त नको, लांबलचक बोलणंही नको. आज रात्री त्यांच्या श्वासाचा आवाज आला की उठ. पाणी कोमट करून ने. शेजारी बस आणि म्हण, ‘आत्या, त्या दिवशी मी चुकीचं बोलले. तुम्हाला धाप लागते ती खरी आहे. मला उठवत जा.’ मग हात पुढे कर. त्या लगेच धरतील असं नाही, रुसल्या असतील, तोंड फिरवतील. तू बसून राहा आणि फुंकर घालत राहा.

– तुझी ताई